चकरी

गड्डीगोदामच्या जुन्या बाजारात साडेसातशेला घेतले हे बूट,
कुण्या परदेशी पायाचे, एक नंबर मोठे.
तळाला नमदा, शेवाळावर घसरू नये म्हणून.
लेस नव्हती. जिभेवर एक काळी चकरी
आणि तिच्यातून निघून घोट्यापर्यंत नागमोडी गेलेली
पोलादाची बारीक तार.
फिरवली की कर्र कर्र, पाय आवळला जायचा.
वर ओढली की मोकळा.
दुकानदार म्हणाला, "काका, हे जिंदगीत नाही तुटत."
मी हसलो.
एकतीस वर्षं मेडिकलच्या लिफ्टा सांभाळल्या मी.
तारेबद्दल मला सांगतो.

लिफ्टचा दोर एकदम जात नाही.
कापसाचा बोळा धरून हात फिरवायचा सावकाश,
जिथे बोळा अडकला, तिथे एक तंतू तुटलेला.
मोजायचे. वहीत लिहायचे. तारीख, मजला, सही.
दोर मरतो तो ओझ्यानं कमी, वळणानं जास्त,
चाक जितकं लहान तितकं लवकर,
हे मी दरवर्षी नव्या शिकाऊ पोरांना सांगायचो
आणि पोरं मोबाईलमध्ये बघत हो म्हणायची.

बुटावरची चकरी होती रुपयाच्या नाण्याएवढी.
आतलं चाक त्याहून लहान.
मला दिसत होतं. दोन हिवाळे दिसत होतं.

कन्हानला, पुलाच्या वरच्या अंगाला,
अंधार असताना मांडीभर पाण्यात उतरायचं,
डोहाकडे गळ टाकून मरळीची वाट बघायची,
मागं रेतीचे ट्रक.
तीच रेती चकरीत शिरायची.
घरी मोरीत बसून ब्रशनं काढायचो,
तरी दात कर्रऐवजी खर्र म्हणू लागले.
कुंदा म्हणाली, "आवाज बदलला तुमच्या बुटाचा."
मी म्हणालो, जुना झाला की होते तसं.

पौषातल्या एका सोमवारी डाव्या पायाची तार गेली.
टण्ण नाही, फट नाही.
पाण्याखाली काहीतरी झालं
आणि पाय बुटात एकटा पडला.
पाऊल उचललं, बूट गाळात राहिला.
मी खाली बसलो. छातीपर्यंत कन्हान.

लेस असती तर महिनाभर आधी पिंजली असती,
टोकाची टोपी गळाली असती,
तुटलीच तर उरलेल्याला गाठ मारून घरी आलो असतो.
नाडी म्हणतो आपण तिला, ते उगाच नाही.
नाडी बोट ठेवलं की बोलते.
तारेला गाठ बसत नाही.

देवाजी पचारे पलीकडे जाळं आवरत होता.
"का झालं बाप्पा?"
तार तुटली, म्हटलं.
"तारीनं बांधून रायले का पाय?"
हसला नाही, म्हणून जास्त लागलं.
गाळात हात घालून त्यानं बूट काढला, पाणी ओतलं,
कमरेची हिरवी नायलॉनची दोरी सोडून
घोट्याभोवती तीन वेढे दिले, मग अशी गाठ
की चाललं की घट्ट होते
आणि शेपटी ओढली की सुटते.
मी विचारलं, किती वर्षांची आहे ही दोरी?
"दोरीचं वर्ष कोन लिहून ठेवते?
रोज हातातून जाते, थेच सांगते."

सक्करदऱ्याच्या सायकलवाल्यानं ब्रेकची तार लावून पाहिली.
जाड. त्या चकरीत वळेना.
हिरवी दोरी तशीच राहू दिली.

रात्री उजवा बूट मांडीवर घेतला,
कुंदाच्या वातींच्या डब्यातून चिमूटभर कापूस.
हात फिरवला.
अडकला. पुन्हा अडकला.
चकरीपासून दोन बोटांवर, तीन तंतू.

जुनी वही सापडली, मागची पानं रिकामी.
लिहिलं: उजवा, तीन. तारीख टाकली. सही केली.
मजल्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
कन्हान लिहिलं.
बदलल्याची तारीख, तो रकाना अजून कोरा आहे.
उद्या पहाटे जायचंय.